रेषेच्या वर दोन वीत

तळघराच्या भिंतीवर अजून ती रेषा आहे,
माझ्या मांडीएवढी उंच, चहाच्या रंगाची.
दोनदा चुना मारला, दोनदा ती वर आली.

इस्माईल शिकलगार आले,
चहा नको म्हणाले, खुर्ची नको म्हणाले,
रेषेसमोर उभे राहिले, तिच्यावर वीत टेकवली,
त्या वितीवर आणखी एक,
आणि खडूनं फुली मारली.
"प्लग इथं. याच्या खाली काही नाही.
बेलचं बटणसुद्धा नाही."

सहकारनगर, ओढ्यापासून चौथं घर.
इथे मी दहावीचं गणित घेते.
गेल्या सप्टेंबरात बाकं तरंगली,
सहामाहीचे पेपर लगदा झाले,
आणि मी गुडघाभर पाण्यात
एक्स्टेन्शन बोर्ड डोक्याच्या वर धरून
भाड्याचा पंप चालवत पहाटेपर्यंत उभी.
शेजारचे टिपणीस जिन्यातून बॅटरी दाखवत होते.

हे मी शिकलगारांना हसत हसत सांगितलं.
ते हसले नाहीत.
त्यांची पुतणी मेहरून पहार थांबवून म्हणाली,
"अब्बांच्या वायरला एक जोड होता.
टेप लावलेला. चांगला टेप."
आणि पुन्हा खणायला लागली.

खड्डा कुठे, हे त्यांनी मला विचारलंच नाही.
एक बादली फरशीवर ओतली
आणि पाणी कुठे जातं ते पाहत बसले दोघं.
पाणी माझ्या फळ्याखाली गेलं.
फळा हलवला.
दोन फुटांवर काळा दगड लागला,
संध्याकाळपर्यंत ठणठण.
मग भोकं पाडलेला पिंप, भोवती खडी,
आणि पंप नायलॉनच्या दोरीनं खाली सोडला.
मी मदतीला म्हणून वायर धरली
तर मेहरूननं माझं मनगट बाजूला केलं.
"वायर म्हणजे दोर नव्हे, बाई."

वायर एकसंध, पंपापासून प्लगपर्यंत, कुठे गाठ नाही.
प्लगच्या खाली तिला मुद्दाम झोळ दिला,
ओघळत आलेला थेंब
तिथंच लोंबून खाली पडावा म्हणून.
पाइपात झडप, गेलेलं पाणी मागे फिरू नये म्हणून.
ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू का, मी विचारलं.
शिकलगार नुसते माझ्याकडे बघत राहिले.
पाइप पावसाळी गटाराकडे गेला.

कढीपत्त्याच्या झाडाशेजारी अर्थिंग:
तांब्याची पट्टी, कोळसा, खडेमीठ.
"उन्हाळ्यात इथं तांब्याभर पाणी घालत जा.
झाडाला घालता, तसं."

वर जिन्यापाशी, मीटरजवळ, एक नवी डबी.
तीस मिलिअँपिअरला तुटते, म्हणाले.
तीस भागिले हजार.
शून्य दशांश शून्य तीन.
दशांशचिन्ह चुकलं की मी अर्धा गुण कापते.
अर्धाच.

मेन चालू केला. कुणी बोललं नाही.
मेहरून बादल्या ओतत गेली, पाचवीला
तरंगता गोळा उचलला गेला,
खड्डा घुरघुरला, बाहेर गटारात धार पडली,
मग गोळा बसला आणि सगळं गप्प.
मी पाकीट उघडलं.
"थांबा. टेस्टचं बटण दाबा."
मी हात मागे घेतला. आत्ताच तर चालू झालाय.
"दाबा बाई. बंद पडला तरच चांगला."

टक्.

पैसे शिकलगारांनी न मोजता खिशात घातले.
अर्थिंगचं रीडिंग मात्र दोनदा घेतलं,
एकदा त्यांनी, एकदा तिनं,
आणि तिनं आपलं त्यांना न दाखवता
आधी पाठीमागे धरलं.

डबीखाली तिच्या अक्षरात मार्करनं लिहिलंय:
आधी हा बंद. मग पाण्यात पाय.
दर एक तारखेला, तास सुटताना,
मी एका मुलाला ते बटण दाबायला लावते.
परवा अन्वयचा नंबर होता.
टक् झालं आणि त्याचा चेहरा पडला,
"बाई, बिघडलं का हो माझ्यामुळे?"

चुना यंदा मारला नाही.
रेषा असू दे.
फुलीसुद्धा.